रेतीने निवळलेले पाणी

रेतीच्या थरातून पाणी जिरवून ते निवळवण्याची पद्धत वऱ्हाडात नळाच्या आणि पंपाच्या कितीतरी आधीची आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगाव हे मोठे गाव लागते. हा घाटावरचा भाग. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा मेहकरजवळून वाशीम जिल्ह्याकडे जाते आणि तालुक्यातील बहुतेक ओढे-नाले तिलाच जाऊन मिळतात. खाली काळा पाषाण आणि वर काळी माती अशी इथली जमीन. पहिला मोठा पाऊस झाला की नाल्यांना गढूळ लोंढे येतात आणि पुढचे काही महिने वाहत्या पाण्याचा तळ दिसत नाही. या मातीशी आणि या पाण्याशी गावांनी शतकानुशतके व्यवहार केला, आणि त्या व्यवहारात रेती नेहमीच मध्यस्थ होती.

काळ्या मातीचे गढूळपण साधे नसते. तिच्यातील चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्थिर पाण्यात दोन मायक्रॉनचा कण दिवसभरात जेमतेम फूटभर खाली जातो. त्याच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे ०.२ मायक्रॉनचा कण असेल तर त्याचा वेग शंभर पटींनी घटतो आणि मीटरभर खाली बसायला त्याला जवळपास वर्ष लागते. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येऊन जड होत नाहीत. म्हणूनच पावसाळ्यातले पाणी रांजणात दोन दिवस ठेवले तरी वरचा थर चहासारखाच राहतो. कापडाने गाळल्यावर काडीकचरा आणि किडे निघतात; रंग मात्र तसाच राहतो.

यावर गावांचा सर्वांत जुना उपाय नदीतच होता. पावसाळा सरला, धार आटली, की नदीच्या पात्रातील रेतीत झिरे खोदले जात. उन्हाळ्यात पात्र वरून कोरडे ठक्क दिसले तरी हात-दोन हात खाली ओल असते. बायका हातांनी किंवा वाटीने रेती उकरत आणि खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपू लागे. पहिले पाणी गढूळच येई. ते दोन-तीनदा उपसून बाहेर टाकले की मागून येणारे पाणी स्वच्छ असे. मग नारळाच्या करवंटीने किंवा वाटीने ते हळूहळू घागरीत भरायचे. घाई केली तर कडेची रेती ढासळे आणि पाणी पुन्हा ढवळून निघे, म्हणून एक घागर भरली की थोडे थांबायचे, पाण्याला पुन्हा जमू द्यायचे. गुरांनी तोंड घालू नये म्हणून रात्री झिऱ्यावर काट्या टाकल्या जात. हे काम जवळजवळ सर्वस्वी बायकांचे होते, आणि किती उकरायचे, किती थांबायचे, कोणत्या वळणावरची रेती चांगली, हे ज्ञानही त्यांच्याच हाती होते. लिखित इतिहासात त्याची नोंद फारशी सापडत नाही. हा त्या इतिहासाचाच दोष मानला पाहिजे.

झिरा सर्वांना सारखा खुला मात्र नव्हता. विहिरींप्रमाणे पात्रातील पाणवठेही जातवार वाटलेले असत. स्वच्छ पाण्याच्या कोणत्याही इतिहासात हे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण पाणी निवळवण्याची युक्ती माहीत असणे आणि त्या पाण्यापर्यंत पोहोचता येणे या वेगळ्या गोष्टी होत्या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह केला, तो या दुसऱ्या गोष्टीसाठी होता.

घरात पाणी निवळवण्याची साधने वेगळी होती. निवळीच्या झाडाची बी ओल्या दगडावर किंवा रांजणाच्या आतल्या बाजूला घासायची, तिचा लगदा पाण्यात मिसळायचा, की गाळाचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसत. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणारी सात द्रव्ये सांगितली आहेत आणि त्यांत पहिले नाव याच बीचे, कतकाचे आहे. त्याच यादीत गोमेद, कमळाचे कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी येतात. रेतीचा उल्लेख त्या ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी आहे आणि तो गाळण्यासाठी नाही: बिघडलेल्या पाण्यात तापवलेले लोखंड, तापवलेली वाळू किंवा ढेकूळ विझवावे असे तिथे सांगितले आहे. म्हणजे रेतीची उष्णता तिथे उपयोगी आहे, तिचा थर नाही. पुढे निवळीची जागा तुरटीने घेतली. तुरटीचा खडा धरून घागरीत चार-सहा वेळा फिरवला की अर्ध्या तासात पाण्यात कापसासारखे पुंजके दिसू लागतात आणि तासा-दोन तासांत वरचे पाणी स्वच्छ होते. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धनभार मातीच्या कणांवरील ऋणभार नाहीसा करतो. दुरावलेले कण जवळ येतात, त्यांची गाठ बनते आणि गाठ जड असल्याने खाली बसते. रेतीच्या आधुनिक गाळण्यांचे अर्धे यश या तुरटीवर उभे आहे.

तिवईवर एकावर एक माठ ठेवून, वरच्या माठात कोळसा आणि मधल्यात रेती घालून पाणी गाळण्याची रीतही परिचित आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून ती अनेक पिढ्यांनी पाहिली. तिची मर्यादा लवकर लक्षात येते: दोन-चार दिवस रेती धुतली नाही तर वास येतो, आणि धुतली तर पहिले पाणी पुन्हा गढूळ. हे असे का होते, याचे उत्तर सापडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

गावपातळीवर दिसणाऱ्या या ज्ञानाला राज्यकर्त्यांनीही मोठे रूप दिले होते. डोणगावपासून पश्चिमेला सिंदखेडराजा येथे जाधव घराण्याच्या काळातील मोती तलाव आणि चांदणी तलाव आजही उभे आहेत. तलावात पाणी साठून राहिले की जड गाळ तळाशी बसतो, एवढे काम ते करत. त्याहून पुढची पायरी बुऱ्हाणपूरला दिसते. मोगलांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी भुयारांतून आणि कुंड्यांच्या मालिकेतून शहरात आणले गेले. ते पाणी जमिनीच्या थरांतून गाळूनच येई. त्याच शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी, नहर बांधवली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले. या सर्व कामांत गाळ बसू देणे आणि झिरपू देणे ही दोनच तत्त्वे आहेत. रेतीचा थर मुद्दाम अंथरून त्यातून शहराचे पाणी सोडावे, हा विचार मात्र यांपैकी कुठेच नाही.

तो विचार स्कॉटलंडमध्ये कापड धुणाऱ्या कारखान्यातून आला. पेस्ली गावी जॉन गिब यांचा कापड विरंजनाचा कारखाना होता. कापड पांढरे करायला स्वच्छ पाणी हवे, म्हणून १८०४ मध्ये त्यांनी खडी आणि रेतीची गाळणी बांधली आणि उरलेले पाणी गावात विकले. लंडनमध्ये चेल्सी वॉटर वर्क्सचे अभियंता जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ मध्ये थेम्सचे पाणी रेतीच्या मोठ्या वाफ्यांतून गाळायला सुरुवात केली. तळाशी खडी, वर रेतीचा जाड थर, त्यावर पाणी. आणि पाणी तासाला वीतभरही खाली उतरणार नाही इतका संथ वेग. या पद्धतीला पुढे मंदगती वाळू गाळणी असे नाव पडले. १८५२ च्या कायद्याने लंडनच्या कंपन्यांवर नदीचे पाणी गाळूनच देण्याची सक्ती आली.

या गाळणीचे खरे सामर्थ्य गढूळपणा काढण्यात नव्हते, हे १८९२ मध्ये सिद्ध झाले. त्या वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारचे आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे पाणी, तेही हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे, पीत होते. पण ते रेतीतून गाळलेले होते, आणि आल्टोना जवळजवळ बचावले. एकाच रस्त्याच्या एका बाजूला साथ आणि दुसऱ्या बाजूला नाही, असे चित्र दिसले. रॉबर्ट कॉख यांनी या घटनेचा अभ्यास केला. रेतीच्या वरच्या थरावर काही दिवसांत जिवाणू, शेवाळ आणि सूक्ष्म जीवांची एक चिकट साय धरते. पाण्यातील रोगजंतू आणि सेंद्रिय द्रव्ये तिथे अडकतात, खाल्ली जातात. माठातील रेती धुतल्यावर पहिले पाणी का बिघडते, याचे उत्तर इथे मिळते: धुताना ही साय निघून जाते आणि ती पुन्हा धरेपर्यंत रेतीचे निम्मे काम बंद असते.

इथे रेतीविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रेती ही चाळणी आहे असे मानले जाते. अर्धा मिलिमीटर रेतीच्या कणांमधील फटी साधारण दशांश मिलिमीटरच्या असतात, तर मातीचा कण त्याच्या शंभराव्या भागाएवढा. चाळणीच्या हिशेबाने तो सरळ पार व्हायला हवा. तो अडकतो, कारण फटींतून वळणे घेत जाताना तो रेतीच्या पृष्ठभागाला टेकतो आणि चिकटतो. टेकायला वेळ लागतो, चिकटायला त्याच्यावरचा विद्युतभार मोडलेला असावा लागतो. वेग आणि चिकटपणा या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. झिऱ्यात पाणी इतके सावकाश येते की बाहेरून काही मिसळावे लागत नाही. जसजसा वेग वाढवला जातो तसतशी रेतीला मदत द्यावी लागते, आणि रेतीच्या गाळणीचा पुढचा सगळा इतिहास या वाढत्या वेगाचा आणि वाढत्या मदतीचा आहे.

भारतात मंदगती गाळण्या लवकर आल्या. कोलकात्याजवळ पलता येथे १८७० च्या आगेमागे हुगळीचे पाणी गाळण्याची व्यवस्था उभी राहिली. मुंबईत विहारचे पाणी १८६० मध्ये आले, तुळशीचे १८७९ मध्ये, तानशाचे १८९२ मध्ये. पण युरोपच्या नद्यांसाठी बनवलेली ही गाळणी इथल्या पावसाळ्यात अडखळते. थेम्सचे गढूळपण आणि काळ्या मातीतून आलेल्या नाल्याचे गढूळपण यांत अनेक पटींचा फरक असतो. वाजवीपेक्षा जास्त गाळ आला की मंद गाळणीची साय काही दिवसांतच बुजते, पाणी खाली उतरेनासे होते आणि वरचा इंचभर थर खरवडून काढावा लागतो. युरोपात हे काम महिन्या-दोन महिन्यांनी करावे लागे. विदर्भातील नदीवर, आधी गाळ बसवण्याची सोय नसेल तर, ते जुलै महिन्यात करत बसणे परवडणारे नव्हते.

त्यावर तोड अमेरिकेत निघाली, कारण तिथल्या नद्याही गाळाने भरलेल्या होत्या. पाण्यात आधी तुरटी घालायची, पुंजके बनू द्यायचे, बरेचसे खाली बसू द्यायचे आणि उरलेले पाणी जाड रेतीतून वेगाने सोडायचे. रेती बुजली की खालून उलटे पाणी सोडून थर उचलायचा आणि घाण वरून वाहून जाऊ द्यायची. या पद्धतीला जलदगती गाळणी म्हणतात. जॉर्ज फुलर यांनी १८९५ ते १८९७ या काळात लुईव्हिल येथे ओहायो नदीच्या पाण्यावर केलेल्या प्रयोगांनी तिला शास्त्रीय पाया दिला. मंद गाळणीत पाणी तासाला १० ते २० सेंटिमीटर उतरते. जलद गाळणीत पाच मीटर, म्हणजे किमान पंचवीसपट. या वेगात साय धरत नाही, रोगजंतू पूर्ण अडकत नाहीत. त्यामुळे गाळल्यानंतर क्लोरीन घालणे अपरिहार्य झाले. जर्सी सिटीत १९०८ मध्ये ते नियमितपणे सुरू झाले. रेतीने जे काम संथपणे एकटीने केले होते, ते आता तुरटी, रेती आणि क्लोरीन अशा तिघांत वाटले गेले. मुंबईचे भांडुप जलशुद्धीकरण संकुल याच तत्त्वावर चालते, आणि तालुक्याच्या ठिकाणचे छोटे केंद्रही.

छोट्या गावांसाठी ही यंत्रणा महाग आणि नाजूक होती. महाराष्ट्रातील अभियंता जे. एन. कर्डिले यांनी १९७० च्या दशकात तिला सोपे रूप दिले. नागपूर जिल्ह्यातील रामटेक, जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आणि नाशिक जिल्ह्यातील चांदोरी येथील केंद्रे त्यांच्या रचनेची. तुरटी मिसळलेले पाणी ढवळायला त्यांनी यंत्राऐवजी खडीचा थर वापरला. पाणी खडीतून वळसे घेत जाताना पुंजके आपोआप बनतात. रेतीच्या थरावर त्यांनी नारळाच्या करवंटीच्या चुऱ्याचा थर टाकला. करवंटी हलकी आणि जाड दाण्याची, त्यामुळे मोठे पुंजके तिच्यात अडकतात आणि बारीक रेतीवर कमी भार येतो. परदेशात यासाठी अँथ्रासाइट कोळसा वापरत. करवंटी इथे सहज मिळणारी. मराठी मुलखातील अभियांत्रिकीचा हा अस्सल नमुना आहे आणि तो अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर फारसा माहीत नाही, ही खंत वाटावी अशी बाब आहे.

दुसऱ्या बाजूने नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने मंद गाळणीकडे पुन्हा पाहिले. ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने चाललेल्या प्रकल्पात तिने खेड्यांमध्ये प्रात्यक्षिक केंद्रे उभारली. त्यांपैकी महाराष्ट्रातील केंद्र नागपूर जिल्ह्यातील बोरुजवाडा येथे होते. खेड्यात जागा असते, वीज आणि रसायने बेभरवशाची असतात, म्हणून संथ गाळणीच तिथे योग्य, असा हा विचार. पाणी आधीच बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर तो पूर्णपणे बरोबर आहे.

घाटावरच्या गावांत मात्र याच काळात पाण्याची वाटच बदलली. १९७२ च्या दुष्काळात खडकात खोल विंधन घेणारी यंत्रे आली. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. शेजारच्या जालन्यात मिशनच्या कामातून तयार झालेल्या हातपंपाने पुढे देशभर गेलेल्या इंडिया मार्क टू पंपाला वळण दिले. विंधन विहिरीचे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते. ते निवळवावे लागत नाही. झिरे, निवळी, रेतीचे माठ एका पिढीत मागे पडले. कॉलऱ्याच्या साथीत विहिरीत लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकण्याची इंग्रजी काळापासूनची रीतही गेली आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या हातात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा डबा आला. स्वच्छ दिसणे आणि सुरक्षित असणे वेगळे, हे तो डबा रोज सांगतो. पाण्याचा गढूळपणा मोजण्याची पद्धतही आली: पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एक एनटीयू (गढूळपणाचे एकक) ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास पाच.

रेती पुन्हा लोकांसमोर आली ती जलतरण तलावांच्या निमित्ताने. या भागात पोहणे विहिरीत शिकले जाई: कमरेला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, थोरल्या भावाच्या नाहीतर काकाच्या देखरेखीखाली. विहिरीचे पाणी जिवंत असते, खालून झरे येत राहतात आणि मोटेने किंवा पंपाने उपसा चालू असतो. हौदात तसे नसते. युरोपातील जुन्या सार्वजनिक हौदांत आठवड्याला पाणी भरायचे आणि आठवड्याने सोडून द्यायचे. अखेरच्या दिवशी पाणी इतके मळके होई की तिकिटाचा दर उतरवत. पाणी सतत काढून, गाळून, पुन्हा सोडण्याची पद्धत विसाव्या शतकात स्थिरावली आणि तिच्यासाठी जी गाळणी निवडली गेली ती रेतीचीच, फक्त बंद पिंपातली आणि दाबाखालची.

या पिंपात वेगाने टोक गाठले आहे. पाणी तासाला २५ ते ५० मीटर वेगाने रेतीतून जाते. दोन लाख लिटरचा तलाव घेतला आणि त्याचे सगळे पाणी सहा तासांत एकदा गाळायचे ठरवले, तर तासाला सुमारे ३३ हजार लिटर पाणी गाळावे लागते. तासाला ३० मीटर वेगाने त्यासाठी सव्वा मीटरहून कमी व्यासाचे एक पिंप पुरते. जलद गाळणीच्या वेगाने सुमारे सात चौरस मीटर रेती लागेल. चेल्सीच्या पद्धतीने, तासाला १० सेंटिमीटरने, सुमारे ३३० चौरस मीटर, म्हणजे तलावापेक्षा मोठी गाळणी. जागा वाचली, पण एवढ्या वेगात एकटी रेती साधारण २० मायक्रॉनहून मोठे कणच भरवशाने धरते. मातीची धूळ, मेलेल्या शेवाळाचे तुकडे, अंगावरचे तेल आणि साबण तिच्यातून पुन्हा पुन्हा फिरत राहतात.

तलावाचे पाणी गढूळ झाले की पहिला प्रश्न गढूळपणा कशाचा, हा असावा. हिरवट असेल तर शेवाळ. त्यासाठी आधी क्लोरीन वाढवून ते मारावे लागते, मग मेलेले शेवाळ गाळणीत पकडायचे. मातकट असेल तर वाऱ्याने किंवा पावसाने आलेली माती. दुधी पांढरे असेल तर बहुधा रेतीशी त्याचा संबंधच नसतो. विदर्भातील विंधन विहिरींचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. त्यात चुनायुक्त ब्लीचिंग पावडर पडली, पाण्याचा सामू वर गेला, की कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण वेगळे होतात आणि तलाव ताकासारखा दिसतो. अशा वेळी दिवसरात्र पंप चालवला तरी फरक पडत नाही, कारण गाळणी जितके कण काढते तितके नव्याने बनत राहतात. सामू ७.२ ते ७.८ मध्ये आणला की मगच गाळणीचा उपयोग होतो.

त्यानंतरचे काम धीराचे आहे. गाळलेले पाणी त्याच तलावात मिसळत असल्याने सहा तासांच्या एका फेरीत सगळे पाणी गाळले जात नाही. गेज आणि बिडवेल यांनी १९२६ मध्ये याचा हिशेब मांडला: एका फेरीत ६३ टक्के पाणी एकदा तरी गाळणीतून जाते, दोन फेऱ्यांत ८६ टक्के, तीन फेऱ्यांत ९५, चार फेऱ्यांत ९८. म्हणजे गढूळ तलावाला किमान चोवीस तास सलग पंप लागतो, आणि दुपारी चार तास चालवून संध्याकाळी बंद करणाऱ्या तलावाचे पाणी कधीच पूर्ण निवळत नाही. कण फार बारीक असतील तर तुरटी लागते. लिटरला १० ते ५० मिलिग्रॅमच्या दरम्यान मात्रा बसते आणि ती आधी पाच-सहा बादल्यांत कमीजास्त करून पाहावी. वरील तलावाला ३० मिलिग्रॅमने सहा किलो तुरटी पुरेल. ती पाण्यात विरघळवून सगळीकडे पसरायची, तासभर पाणी फिरवायचे, मग पंप बंद करून रात्रभर स्थिर ठेवायचे. सकाळी तळाशी करड्या मऊ गाळाची चादर दिसते. ती हळुवारपणे नळीने ओढून थेट बाहेर सोडायची. गाळणीतून नेली तर रेती काही मिनिटांत बुजते.

पिंपावरील दाबमापकाचा काटा रेतीची स्थिती सांगतो. स्वच्छ रेतीवरचा दाब लिहून ठेवावा. तो साधारण अर्ध्या बारने वाढला की उलटी धुलाई, म्हणजे बॅकवॉश, करायचा. पंप बंद करूनच व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचा, नाहीतर आतील गॅस्केट फाटते. धुलाई करताना काचेच्या छोट्या डोळ्यातून पाणी आधी कॉफीच्या रंगाचे जाताना दिसते; ते पारदर्शक होईपर्यंत तीन-चार मिनिटे चालू ठेवायचे आणि मग काही सेकंद ‘रिन्स’वर ठेवून थर पुन्हा बसू द्यायचा. गरजेपेक्षा जास्त वेळा धुणे हीसुद्धा चूक आहे. थोडी मळलेली रेती नुकत्याच धुतलेल्या रेतीपेक्षा बारीक कण जास्त चांगले धरते. फटी आकसलेल्या असतात आणि आधी चिकटलेले कण नव्यांना पकडतात.

पिंपात घालायची रेती कोणतीही चालत नाही. पैनगंगेच्या पात्रातील रेती मुख्यतः काळ्या पाषाणाची आहे. तिच्यात झिओलाइट, चुनखडी, गारगोटी अशी सरमिसळ असते, दाणे ओबडधोबड असतात, आणि आम्लात तिचा काही भाग विरघळतो. भारतीय मानकानुसार गाळणीची रेती हायड्रोक्लोरिक आम्लात २४ तास ठेवल्यावर पाच टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. म्हणून सिलिकायुक्त रेती बाहेरून आणावी लागते. सिंधुदुर्गातील कासार्डे परिसर सिलिका वाळूसाठी प्रसिद्ध आहे. विदर्भात कन्हानसारख्या पूर्वेकडच्या नद्यांची रेती, तिथला खडक वेगळा असल्याने, जास्त सिलिकायुक्त असते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे एकसारखे दाणे निवडून, धुऊन, वाळवून ती पोत्यांत येते आणि पाच-सात वर्षे टिकते.

पैनगंगेची रेती गाळणीच्या पिंपात चालत नसली तरी पात्रात तिचे मोल वेगळे होते. झिऱ्याला हवा तो दीड-दोन हात जाडीचा थर. रेतीघाटांचे लिलाव, चोरटा उपसा आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्या यांनी अनेक नद्यांच्या पात्रांत तो थर उरलेला नाही. खाली नुसता खडक किंवा चिखल दिसतो, आणि त्यात उकरले तरी पाणी निवळत नाही. रेतीघाटाचा विषय ग्रामसभेपुढे येतो तेव्हा ट्रक आणि ब्रास यांच्या हिशेबाबरोबर हाही हिशेब मांडला जावा.

पोहण्याच्या तलावाच्या गढूळ पाण्यात जीवाचाही धोका असतो. तळ दिसत नसेल तर बुडणारा माणूस जीवरक्षकाला दिसत नाही. म्हणून अनेक देशांच्या नियमांत सर्वांत खोल जागी ठेवलेली सहा इंची काळी तबकडी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे असा दंडक आहे आणि ती दिसली नाही तर तलाव बंद ठेवतात. ही कसोटी कुठल्याही गावच्या तलावाला बिनखर्चात लावता येते.

राहता राहतो धुलाईच्या पाण्याचा प्रश्न. वर सांगितलेल्या पिंपाची चार मिनिटांची एक धुलाई सुमारे तीन हजार लिटर पाणी गटारात सोडते. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने हे ५४ माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात ते वाया जाऊ देणे गैर आहे. ते उघड्या टाकीत एक-दोन दिवस उन्हात ठेवले की क्लोरीन उडून जातो, गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी झाडांना देता येते. तलाव बांधतानाच अशी टाकी बांधून घ्यावी.